मापं काढणारी गोपिका

नंदनवन वस्तीत त्या काळी माणसाची मापं काढण्याच्या दोन जागा होत्या. एक यमुताईंचा ओटा. रस्त्याने नुसतं कुणी गेलं, तरी तिथे त्याच्या सात पिढ्यांची मापं निघत, आणि तीही फुकट. दुसरी जागा समोरच्या गोपिकेच्या घरी. तिथे खरोखरची टेप होती, पण ती बायकांपुरती. ब्लाउज, परकर, पोरींची झंपरं. लग्न होऊन आल्यापासून गोपिका तेच शिवत होती आणि तेच शिवून तिला मनस्वी कंटाळा आला होता.

चौऱ्याहत्तर साल असेल. ताराचंद सेठचे ट्रक उमरेडच्या खाणीतला कोळसा कोराडीच्या वीजकेंद्राला वाहत. सेठला हुक्की आली की आपले ड्रायव्हर सरकारी माणसांसारखे खाकीत दिसावेत. सेठाणीचे ब्लाउज गोपिकेकडचे. सेठने तिलाच विचारलं, "ताई, पँट-शर्ट जमेल?"

"न जमाले काय झालं? पँटीले दोनच पाय असते ना?" गोपिका म्हणाली. नवऱ्याला विचारून सांगते, हे वाक्य तिच्या तोंडाशीदेखील आलं नाही. यमुताईंना ते फार लागलं.

नवरा देवराव कचेरीत कारकून. भला माणूस, इतका भला की नाही म्हणायचीही त्याला भीड पडायची. संध्याकाळी चहा ढवळत तो म्हणाला, "ब्लाउजचं ठीक होतं वं. पन पँटीचं माप कुठून कुठून घ्या लागते, मालूम आहे का तुले?"

"तुमच्या पँटी कोन शिवते मंग?"

देवराव चहा ढवळतच राहिला.

रविवारी ड्रायव्हर अंगणात जमले. पुढे रुपराव, सगळ्यांत जुना ड्रायव्हर. कोळशाने भरलेला ट्रक एका हाताने मागे घेणारा हा गडी. गोपिकेच्या हातातली टेप पाहिली आणि भिंतीला जाऊन चिकटला.

"वयनी, अंदाजानं शिवून टाका ना जी."

"अंदाजानं भाजीत मीठ टाकत असते, रुपरावजी."

समोरच्या ओट्यावरून यमुताईंचा आवाज आलाच. "पाहा वं माय! आता परपुरुषाच्या कमरेले हात!"

देवरावचे कान लाल झाले. त्याने बायकोच्या हातून टेप काढून घेतली. तिने आत बसावं, हा बाहेरून आकडे सांगेल, असं ठरलं. म्हणजे त्यानेच ठरवलं. आता परक्या माणसाच्या पोटाला कवळ कशी घालावी? देवरावने टेप रुपरावच्या पोटापासून वीतभर लांब धरली आणि अदबीने विचारलं, "किती धरू गा?"

रुपरावने पोट आत ओढलं. "चौतीस धरा."

"चौतीस?" आतून गोपिका ओरडली. "मी का आंधळी आहो? खिडकीतून दिसून राहिलं मले!"

"माणूस स्वतःच्या पोटाबद्दल खोटं कायले बोलन?" देवराव म्हणाला.

मग काय, एकेकाने आपल्या लग्नातली कंबर सांगितली. गोपिकेने दातओठ खात कापड बेतलं आणि पहिल्या पाच-सहा पँटी शिवल्या.

आणि उमरेडला भर चौकात रुपरावने केबिनमध्ये चढायला पाय उचलला, तशी मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. ही बातमी ट्रकच्या आधी नंदनवनात पोचली. यमुताईंनी ती हातवारे करून सांगितली.

सेठचा निरोप आला, तोही गोपिकेला नाही, देवरावच्या कचेरीत. मिसेसला म्हणावं ब्लाउजच शिवा, उरलेलं कापड उद्या बर्डीच्या बाजारातल्या टेलरकडे जाईल.

"काम माहं, अन् निरोप तुमाले काहून?" गोपिकेचा आवाज चढला.

"अवं, बाईमाणसाले एकदम कसं सांगाव, म्हनून..."

"खोटं त्यानं सांगितलं, माप तुमी घेतलं, अन् शिलाई माही वाईट!"

देवराव चूप. त्या चूप बसण्याचाच तिला जास्त संताप आला. भांडला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

सकाळी ती टेप गळ्यात घालून तडक सेठच्या ट्रकअड्ड्यावर गेली.

"सेठजी, कापड बर्डीले जानार नाही. आज मापं मी घेईन. मंग शिवन उसवली तर मलेच बोला. मले, त्याइले नाही."

सेठ गालात हसला. "घ्या ताई. ये लोग देतील तर."

कुणी पुढे येईना. कुणी टायर तपासायला लागला, कुणी उगाच बोनेट उघडलं. रुपराव उसवलेल्या पँटीवर खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून उभा होता. त्याला उपाय सुचला.

"वयनी, पयले तुमी राखी बांधा. मंग तुमी आमची बहीन. बहिनीचा हात लागला, तर कोन काय म्हनन?"

"वा रुपराव!" अड्डा खूष झाला.

गोपिकेच्या मस्तकात तिडीक गेली. "कासार तुमच्या बायकोचा हात दाबून दाबून बांगड्या भरते. त्याले कधी राखी मागितली का जी? अन् इतके भाऊ घेऊन मी करू काय? दिवाळीले ओवाळता ओवाळता माह्या घरचं तेल सरन. हात वर करा!"

डाकू समोर आल्यासारखे रुपरावचे हात वर गेले. टेप कमरेला बसली, तसं पोट आत गेलं.

"श्वास सोडा."

"सोडला जी."

"सगळा सोडा!"

रुपरावने सोडला. पोट बाहेर आलं आणि येतच राहिलं.

"बेचाळीस," गोपिका अड्डाभर ऐकू जाईल असं म्हणाली. हसण्याचा एकच गदारोळ उठला. सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्याला तिने बोटाने पुढे बोलावलं. त्याचं हसू जागीच थांबलं. तो पाय ओढत आला आणि तिच्या खांद्यावरून मागे, फाटकाकडे पाहू लागला.

"वयनी, देवरावजी नाही आले काय?"

"ते ऑफिसात गेले," गोपिका म्हणाली. "हात वर."