सुंदर विसावा

त्या पहाटे डोंगरातल्या पुकामायो गावात असं दहिवर गोठलं होतं, की घरांच्या पत्र्यांवर कुणी मीठ पसरलंय असं वाटावं. बासिलिया वाल्पानं उठल्या उठल्या किटलीभर पाणी उकळलं आणि गोठलेल्या नळाच्या मानेवर ओतलं. नळ दोनदा खोकला, मग वाहता झाला. बादली भरून, शाल डोक्यावरून घेऊन, तोंडाला फडकं बांधून ती उतारानं रेडिओ केंद्राकडं निघाली. टाळेबंदीत एवढ्या पहाटे रस्त्यावर दिसायची मुभा गावात तिघांनाच होती: पाववाला, नर्स आणि बासिलिया.

एकोणीस वर्षं ती पहाटेचा, डोंगरातल्या क्वेचुआ भाषेतला कार्यक्रम करत होती. हरवलेली जनावरं, बारसं, शाळेची बैठक, आणि दर दहा मिनिटांनी वेळ. डोंगरातली माणसं तिच्या आवाजावर घड्याळ लावायची. साथ आली तसे राजधानीतून कायद्याचे कागद यायला लागले. मालकानं काय करावं, घरच्यांनी काय करावं, वेगळ्या झालेल्या नवराबायकोतलं पोर कुणाकडं राहील, मुक्कामी मोलकरणीला कोंडून ठेवता येतं का. सगळं स्पॅनिशमधे. बासिलिया सहावी शिकलेली, पण जीभ दुधारी. कागद डोळ्यांपुढं धरायची आणि तोंडातून थेट क्वेचुआ बाहेर यायची. लोक म्हणायचे, आमचा वकील पहाटे बोलतो.

केंद्राच्या दाराशी फोर्तुनाता उभी होती. तिच्या थोरल्या पोरीला बाप्तिस्म्याचं पाणी घालताना बासिलिया धर्ममाय झालेली, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणीहून जवळच्या. आज मात्र फोर्तुनाता सहा पावलं लांबच थांबली. हातातली लोकर कातायची चाती फिरत नव्हती.

"काय गं कोमाद्रे, मुभा नसताना, एवढ्या गारठ्यात?"

"इचारायला आले. तुजा त्यो सुंदर विसावा कवा संपतोय?"

"कसला विसावा?"

"आता कसला म्हनं! तूच सांगितलास की रेडिओवर. आमच्या सूतगिरणीच्या मुकादमानं कागद फुडं केला. आमी म्हनलं, वाचून दाखव. त्यो म्हनला, वाचायचं काय त्यात, तुमच्या बासिलियानं सांगितलाय त्योच सुंदर विसावा. चौदाजणींनी अंगठं उठवलं. मी सगळ्यांत आदी. माज्या कोमाद्रेचा सबुद हाय म्हनलं, फसवंल कशाला?"

बासिलियाला तो कागद आठवला. 'सुस्पेन्सिओन पेर्फेक्ता.' सुस्पेन्सिओन म्हणजे काम थांबणं, पेर्फेक्ता म्हणजे ज्यात खोट नाही असं. क्षणभरही न अडखळता ती म्हणून गेली होती: 'सुमाक सामाय'. सुंदर विसावा. शब्द कानाला गोडही लागला होता.

"मग? पगार?"

"न्हाई. काल गेले तर मुकादम हसला. म्हनला, इसाव्याचा कुटं पगार असतोय व्हय?"

कार्यक्रम तिनं कसाबसा उरकला. आठ वाजता जिल्ह्याच्या ठिकाणी फोन लावला. तिथं फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई होती. तिकडं वकीलबाईलाही डॉक्टोरा, म्हणजे डॉक्टरीणच म्हणतात. डॉक्टोरानं सगळं ऐकून घेतलं.

"बासिलियाबाई, इथं पेर्फेक्ता म्हणजे छान नव्हे. पेर्फेक्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी पुरती. बाईनं काम करायचं नाही, मालकानं पगार द्यायचा नाही. नोकरी तेवढी राहते. आणि हे करण्याआधी मालकानं दुसरे मार्ग बघायला हवेत, बायकांशी बोलायला हवं."

"आणि अंगठे उठवलेत ते?"

"न समजता उठवले असतील तर लेखी हरकत घेता येते. पण लवकर. आणि कामगार खात्याचा निरीक्षक विचारणार, गैरसमज कशानं झाला?"

"माझ्यामुळं," बासिलिया म्हणाली.

"ते तुम्ही जाहीरपणे सांगाल का? त्या बायकांकडं दुसरा पुरावा नाही."

केंद्रातच राहून यंत्रं सांभाळणारे वडीलधारे एउसेबियो, ज्यांना ती तायता, म्हणजे बाबा, म्हणायची, शेजारीच तारा गुंडाळत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "खुळी का काय तू? फुडच्या आठवड्यात गुपचूप दुसरा सबुद घाल. कुनाच्या ध्यानात बी यायचं न्हाई. एकदा चुकले म्हनलीस की संपलं बग. उद्यापास्नं वेळ सांगितलीस तरी लोक कोंबड्याला इचारतील."

"विचारू देत, तायता. कोंबड्यानं कुणाचा अंगठा नाही उठवला."

बोलून गेली खरी, पण एकोणीस वर्षांत तिच्याजवळ दुसरं जमलंच काय होतं? एक आवाज, आणि त्याच्यावरचा लोकांचा भरवसा.

दुसऱ्या पहाटे प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. तिनं कागद घेतलाच नाही.

"मायबापहो, मी बासिलिया. दोन आठवड्यांमागं मी तुम्हाला सुंदर विसावा म्हणून सांगितलं. तो सुंदर नाही आणि विसावाही नाही. काम नाही, पगार नाही, नुसतं नाव रजिस्टरात. मला शब्द कळला नाही, आणि कळला नाही असं म्हणायची लाज वाटली. माझ्या शब्दावर ज्यांनी अंगठा उठवला, त्यांनी आज नऊ वाजता केंद्रावर या. हरकत लिहायची आहे. खाली माझी सही असेल, चूक माझी म्हणून."

फोन लगेच वाजला. डोंगरातला एक म्हातारा. "पोरी, मग त्या मोलकरणींचं सांगितलंस ते तरी खरं का? आन पोरांचं?"

"सगळे कागद डॉक्टोराकडनं पुन्हा तपासून घेते, तायता," ती कशीबशी म्हणाली.

"घे बाई," म्हाताऱ्यानं फोन ठेवला.

काचेबाहेर, उजाडत्या अंगणात, मुभा नसतानाही बायका जमायला लागल्या होत्या. नवाला अजून पुष्कळ अवकाश होता. बासिलियानं मोजल्या. नऊ. चौदातल्या पाचजणी अजून आल्या नव्हत्या. फोर्तुनाता आली होती, पण काचेकडं पाठ करून, चाती फिरवत उभी होती.

एउसेबियोंनी बोटानं खूण केली. वेळ सांगायची होती. एकोणीस वर्षांत तिनं घड्याळाकडं कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"सहा वाजून दहा मिनिटं," ती म्हणाली, आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली वरची उचलली. "एक तपकिरी गाय हरवली आहे. डाव्या कानात लाल लोकरीचा गोंडा..." ती थांबली. चिठ्ठी दिव्याजवळ नेली, पुन्हा वाचली. "नाही. उजव्या कानात."