शेपूट ह्यांच्याकडे

आमच्याकडे पक्षी वाटून घ्यायची पद्धत होती. हसाल तुम्ही, पण खरंच. आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात तपासणीला होते. तिथे सुट्या भागाचं एक टोक एकानं बघायचं, दुसरं दुसऱ्यानं, म्हणजे नजर घाई करत नाही. निवृत्तीनंतर आम्हा दोघांना पक्ष्यांचा नाद लागला आणि ह्यांनी तोच कायदा घरी आणला. "पक्षी काय आपल्यासाठी थांबतो? तू चोच, डोकं, मान सांभाळ. पंख आणि शेपूट माझ्याकडे." मग घरी आलं की चहा घेता घेता दोघांचं जोडायचं आणि पुस्तक उघडायचं.

"तुमचं शेपूट माझ्या डोक्याला बसत नाही हो," मी म्हणायची.

"मग डोकं बदल," हे म्हणायचे.

माघात हे गेले. त्यानंतर मी दुर्बिणीला हात लावला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाशी समुद्रात वादळ झालं. अशा वाऱ्यात दर्यावरचे पक्षी कधीमधी भरकटून घाटावर येतात. आमच्याबरोबर पक्षी बघायला यायची ती कॉलनीतली मुलगी मला बळंच स्कूटरवर बसवून गंगापूर धरणावर घेऊन गेली.

पाण्यावर नेहमीचे सुरय पक्षी मासे धरत होते. एकाएकी त्यांच्यात एक काळपट, दांडगा पक्षी घुसला. एका सुरयाच्या मागे असा लागला की त्या बिचाऱ्यानं चोचीतला मासा सोडून दिला. काळ्यानं तो पाण्यात पडायच्या आत झेलला आणि गेला भिंतीपलीकडे. तेवढंच. मुलगी थर्मास उघडत होती, तिला नुसता ठिपका दिसला.

"मावशी, काय पाहिलंत? विसरायच्या आत सांगा."

मी सांगितलं. डोक्यावर काळी टोपी, मानेला पिवळट झाक, चोचीच्या टोकाला आकडा.

"मग हा स्कुआच. दुसऱ्याचा घास हिसकावतो तोच. पण त्यात दोन-तीन जाती आहेत. शेपटीतली मधली लांब पिसं टोकदार होती की चमच्यासारखी?"

"शेपूट ह्यांच्याकडे असतं," मी म्हणाले.

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. मुलीनं थर्मासचं झाकण लावलं, परत उघडलं.

थोड्या वेळानं तिनं मोबाइलवर चित्रं काढून दाखवली. डोकं सगळीकडे मी पाहिलेलंच. खालचा भाग मी बघत राहिले, पण आठवायला मुळात काही नव्हतंच. तिकडे माझी नजर गेलीच नव्हती.

"मग काय लिहू, मावशी?"

"स्कुआ लिही. जात कळली नाही म्हणून लिही."

नाशिक रोडला घराशी सोडताना तिनं विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ ना न्यायला?"

मी पदर सारखा केला, किल्ली शोधली. हो म्हणून मान हलवली आणि कुलूप उघडलं.