काका आणि माझ्या टेबलाची कड

“तिले कायले विचारता? तिचं काही म्हणणंच नसते.”

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. विषय माझ्याच टेबलाचा होता. घरून काम करायला मी बनवून घेतलेलं टेबल, दुकानात उभं राहून मी निवडलेला दुधासारखा पांढरा सनमायका, आणि म्हणे माझं काही म्हणणं नसतं! त्यांच्यासमोर मशीन घेऊन उभे होते बाबांचे स्टील प्लांटमधले मित्र, आता रिटायर झालेले. त्यांना आम्ही काका म्हणतो. कडांचा इतका मोठा दुश्मन आमच्या अख्ख्या वस्तीत, रिसालीत, सापडणार नाही.

सनमायका चिकटवला की फळीच्या बाहेर थोडा उरतो. तो राउटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या मशीनने, सरळ बिट, म्हणजे फिरणारं पातं, लावून फळीबरोबर कापायचा असतो. माझ्या मते काम तिथं संपतं, काकांच्या मते तिथं सुरू होतं. ते सरळ बिट काढून तिरकं लावतात, कडेला उतार देतात, आणि आतला तपकिरी थर उघडा पडून पांढऱ्या फर्निचरभोवती चहाच्या ओघळासारखी रेघ फिरते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना त्यांनी ती दिली तेव्हा डाग समजून आई आठवडाभर घासत होती. “वहिनी, नका घासू. साडीले काठ नसते का?” काका म्हणाले. आई हसली. यात हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

मशीन शॉपमध्ये जन्म गेल्यामुळे धारदार कड म्हणजे उद्याचा अपघात, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कुणाकडेही गेले की पाण्याचा ग्लास हातात यायच्या आधी त्यांचा अंगठा टीपॉयच्या कडेवरून फिरून येतो. माझ्या मावसबहिणीचं लग्न जुळवायला काकांना घेऊन चरोद्याला मुलाच्या घरी गेलो, तर ऐन बोलणी चालू असताना हे मुलाच्या वडिलांना म्हणाले, “टेबलाची धार लय खराब आहे जी. आमची पोरगी हात कापून घेईन.” लग्न ठरलं, आणि साखरपुड्याआधी काका मशीन घेऊन तिथं हजर! घरात एकटे असले तरी पिवळं हेल्मेट घालून “मशीन चालू, हटा!” असं ओरडल्याशिवाय ते बटण दाबत नाहीत.

मी बाहेर आले तेव्हा सरळ बिटाचं काम झालं होतं. कड इतकी कोरी, इतकी स्वच्छ दिसत होती की माझा राग क्षणभर विरला. मग काकांनी खिशातला रुमाल काढून तिच्यावरून ओढला. एक धागा अडकला.

“पाहा! धरून राहिली,” ते आनंदाने म्हणाले आणि त्यांनी तिरकं बिट लावलं. बाबांनी मान डोलावली. माझी उत्तरं आधी इंग्रजीत तयार होतात. ती मराठीत आणेपर्यंत विषय बदललेला असतो. आज विषय नाही, टेबलच बदललं असतं. “मशीन चालू, हटा!” काका ओरडले, आणि मी जाऊन प्लग उपटला.

“लाइट गेली का?” हेल्मेटखालून काकांनी विचारलं.

“हे कावून केलं तू?” बाबा माझ्यावर खेकसले.

काकांनी प्लगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हेल्मेट काढून ते बिट सोडवू लागले. बिट नवं कोरं होतं. आता लोकांकडे कडांवर पट्टी चिकटवलेलं फर्निचर थेट फॅक्टरीतूनच येतं. काकांना कुणी बोलावत नाही. “चालते, बेटा,” ते म्हणाले. “टेबल तुझं. विचाराले तुलेच पाहिजे होतं.” आणि तळहाताने ते टेबलावरचा भुसा पुसत राहिले, सगळा निघून गेल्यावरही.

प्लग अजून माझ्या हातात होता. मी तो परत लावला.

“काका, वरची कड अशीच राहू द्या,” मी म्हणाले. “खालची करा तिरकी. तिथं माझे गुडघे लागतात.”