लाल टिंबं नसलेलं कार्ड

गेले चार दिवस एकच काळजी माझी पाठ सोडत नाही. आमची धाकटी गप्प राहायला शिकली आहे. लहानपणी तिला गप्प बसवताना माझ्या नाकी नऊ यायचे. पाहुण्यांच्या तोंडावर "काका, तुमच्या मोज्यांना वास येतो" म्हणणारी मुलगी ती. आता सव्वीस वर्षांची आहे, दिवसाला सहा-सात जणांचे पाय हातात घेते, त्या पायांचं काय चाललंय ते तिला समजतं, आणि ती बोलत नाही.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती वर्षभर घरी बसून होती. एका दुपारी येऊन म्हणाली, "आई, मी रिफ्लेक्सॉलॉजी शिकणार. पायांची. सहा महिन्यांचा कोर्स आहे."

तिची आत्या समोरच होती. "म्हणजे लोकांचे पाय चेपायचे?"

"चेपायचे नाहीत गं आत्या. ठरावीक जागी दाबायचे."

"अगं बाई, मग तर बढतीच झाली की!"

सगळे हसले. मीही हसले. धाकटीने माझं हसणं तेवढं लक्षात ठेवलं.

शिकत होती तेव्हा सराव माझ्यावरच चालायचा. आधी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात. मग बोटांच्या बेचक्यांतून टॉवेल फिरवून कोरडे करायचे आणि थोडी पावडर लावायची. जास्त तेल झालं की हाताचा अंगठा घसरतो आणि नेमकी जागा हुकते, असं ती सांगायची. घोटा दोन्ही बाजूंनी फिरवून पाय सैल करायचा. मग खरं काम. अंगठ्याचं पेर वाकवायचं, सरळ करायचं, पुन्हा वाकवायचं, आणि सुरवंट चालावा तसं तिळातिळाने पुढे सरकायचं. या लोकांचं म्हणणं असं, की तळपायावर सगळ्या शरीराचा नकाशा असतो. पायाचा अंगठा म्हणजे डोकं, बोटांखालचा फुगीर भाग छाती, मधला खळगा पोट, टाच म्हणजे कंबर आणि आतली कड म्हणजे पाठीचा कणा.

"आणि मन कुठे असतं गं?" मी विचारलं.

"ते अजून कोणाला सापडलेलं नाही. हलू नकोस."

याने रोग बरे होतात यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या दुपारी मी खुर्चीतच झोपले. पाऊण तास कोणी आपला पाय मन लावून हातात धरतं, हे सुख तरी कितीजणींच्या वाट्याला येतं?

नोकरी लगेच लागली. औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला, चार आरामखुर्च्या, मध्ये पडदे, गॅलरीत वाळणारे टॉवेल. गिऱ्हाईक खुर्चीत, ही पायाशी बुटक्या स्टुलावर. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असतं. त्यावर दोन तळपाय छापलेले. दाबल्यावर माणूस जिथे कळवळतो तिथे लाल टिंब द्यायचं. पुढे त्या जागी दुखेनासं झालं, की टिंबावर व्हाइटनर फिरवायचा. जागा कोरी झाली, म्हणजे तो अवयव सुधारला. हा तिथल्या मालकीणबाईंचा, म्हणजे मॅडमचा नियम.

माझ्या जुन्या ऑफिसातल्या हेडक्लार्क साहेबांना मीच तिच्याकडे धाडलं. बारा वर्षांचा मधुमेह, रात्रभर पायांची आग. "धाकटीकडे जाऊन या, बरं वाटेल," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं हे खरंच. पण नव्या मुलीला एक बांधलेलं गिऱ्हाईक मिळावं हे त्याहून खरं.

पहिल्या दिवशी त्यांच्या कार्डावर सतरा टिंबं पडली. ते ओरडत होते, "अगं, जीव घेतेस काय! तुझ्या आईनेसुद्धा ऑफिसात इतकं छळलं नव्हतं!" आठ महिन्यांत दोनच टिंबं उरली. पायांची आगही गेली. मॅडमनी ते कार्ड फ्रेम करून दारापाशी लावलं आणि त्यांच्यासाठी नवं काढलं. साहेबांना म्हणाल्या, "शरीर काय सांगतंय ते ऐका. गोळ्या काय, जन्मभर घ्यायच्या का?" साहेबांनी गोळ्या आधी निम्म्या केल्या, मग बंद. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला हे भाजी घेताना कौतुकाने सांगितलं. मी शिकलेली बाई. मी "अरे वा" म्हणाले आणि मेथीची जुडी निवडत राहिले.

गेल्या गुरुवारी साहेब नेहमीसारखे आले, पेपर उघडून बसले. उजवा मोजा काढताना धाकटीला तो टाचेशी चिकटलेला लागला. ओला करून सोडवला, तर टाचेत ड्रॉइंग पिन. भिंतीवर कागद टोचायची असते ती, डोक्यापर्यंत आत रुतलेली.

"साहेब, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

तिने पिन उपसली. साहेबांनी पेपरचं पान उलटलं.

टिंबं का गेली ते तिला त्या क्षणी कळलं. काही सुधारलं नव्हतं. पायाची जाणीव मरत चालली होती आणि आम्ही सगळे तिचं अभिनंदन करत होतो. पंधराच्या पंधरा टिंबांवर व्हाइटनर तिनेच फिरवला होता.

पडद्यामागे जाऊन तिने मॅडमना सांगितलं. मॅडम टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

"काढलीस ना पिन? मग पट्टी लाव. आपण डॉक्टर नाही, गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही."

"पण मॅडम, गोळ्या बंद करायला..."

"मी बंद करा म्हणाले? मी शरीराचं ऐका म्हणाले. नीट ऐकत जा."

धाकटीने पट्टी लावली. साहेबांना म्हणाली, "थोडं खरचटलंय." ते उठताना म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे, पोरी."

हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून.

"मग सांग ना त्यांना!" मी म्हणाले.

"कामावरून काढतील. दुसरीकडे विचारतील, आधीचं का सोडलं? तिथे काय सांगू, माझ्या हाताखाली माणसाचा पाय बधिर झाला आणि मी व्हाइटनर लावत होते?"

"आणि उद्या त्यांचा पाय कापावा लागला तर?"

"आई, तू यात पडू नकोस." मग नळ बंद करून म्हणाली, "आणि त्यांना पाठवलं कोणी होतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पाठवलं होतं मीच.

चार दिवस मी मॅडमना मनातल्या मनात शिव्या देतेय. शिव्या द्यायला पैसे पडत नाहीत. धाकटी नोकरी जाईल म्हणून घाबरते हे समजण्यासारखं आहे, तिचं वय आहे घाबरायचं. मी कशाला घाबरत होते? मुलगी नापास झाली असं लोक म्हणतील याला. हिच्या गप्प बसण्याचं मला नवल वाटतं, आणि ती शिकली कोणाकडून?

आज संध्याकाळी वहिनींचाच फोन आला, सहज. म्हणाल्या, टाचेची पट्टी रोज ओली होते, पण हे अगदी मजेत आहेत. मॅडमनी नवीन उपाय सांगितलाय. बागेत दगडगोट्यांची वाट केलीय ना, तिच्यावर रोज अनवाणी अर्धा तास चालायचं, म्हणजे उरलेली दोन टिंबंही जातील. उद्यापासून पहाटे साडेपाचला निघणार आहेत.

मी "हो का" म्हणाले. चक्क "हो का" म्हणाले आणि फोन ठेवला.

आता पावणेदोन वाजलेत. धाकटीच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. तिला विचारून वहिनींना फोन करावा असं दोनदा वाटलं. विचारणार नाही. विचारलं तर ती नको म्हणेल, आणि मला तेच ऐकायचं असेल. उद्या ती माझ्याशी बोलणार नाही, कदाचित बरेच दिवस. तिची नोकरी जाईल. साहेबही "ज्या मुलीवर विश्वास टाकला" असं काहीतरी बोलतील, ते तिलाही ऐकावं लागेल.

या वेळी फोन वाजला की वहिनी घाबरतील. घाबरू देत. त्यांना अनवाणी बाहेर पडू देऊ नका, हे आधी सांगायचं. मग, सकाळी दवाखाना उघडताच पाय दाखवा आणि गोळ्या बंद केल्याचं डॉक्टरांना सांगा. आणि त्यांना तिथे मी पाठवलं होतं, हेही माझ्या तोंडून.

फोन लावते.