हुकाचा परकर

शहागंजात तीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या भागूबाई दारात उभ्या गिऱ्हाइकाची कंबर टेप न लावता सांगायच्या. अर्ध्या इंचानंही चुकत नसत. स्वतःची कंबर मात्र त्यांना ठाऊक नव्हती. परकराला नाडी असते, आणि नाडी काय, सोडाल तेवढी सुटते. हातपाय काड्या, गालफडं बसलेली. बायका म्हणायच्या, "तुम्ही काय सुटला नाहीत बघा." भागूबाईंनाही ते खरंच वाटायचं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा बीपी एकशे ऐंशी निघालं. परत पाठवलं. महिनाभर गोळ्या घेऊन गेल्या, तरी एकशे सत्तर. पुन्हा परत. सुईत दोरा आता सून अमृता ओवून द्यायची. जुनी गिऱ्हाइकं हळूच दुसरीकडं कापड टाकू लागली होती.

या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "टेप आहे पिशवीत? लावा बेंबीवरून."

अडतीस.

"टेप सैल पडली असंल," भागूबाई म्हणाल्या.

"टेप तुमचीच आहे, बाई. वजनकाटा तुम्हाला फसवतोय. चरबी सगळी पोटात, आतड्यांभोवती बसलीय, आणि तीच बीपी चढवायला हातभार लावते. गोळी सोडू नका. पण पोट उतरवा."

घरी नवऱ्यानं, सोमनाथनं, हसण्यावारी नेलं. "पोट व्हय ते? खात्यापित्या घरची खूण हाय."

"खूण तुमच्या अंगावर राहू द्या. मला डोळे पाह्यजेत."

दुपारीच त्यांनी एक परकर बेतला. नाडी नाही, पट्टी आणि हूक. कंबर चौतीस.

"आई, आत दोन इंच माया ठेवा की," अमृता म्हणाली. "लागलं तर उसवता येईल."

"म्हणूनच नाय ठेवायची."

मशीनवरच्या खिळ्याला तो परकर लटकला. पहिल्या दिवशी हूक आणि त्याची कडी यांच्यात मूठ मावत होती. मग गिऱ्हाइकामागं होणारा साखरेचा चहा गेला. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. अस्तर आणायला, काजबटणाला द्यायला भागूबाई पायी निघू लागल्या. ओळखीचे रिक्षावाले हाका मारून थकले. लासूर स्टेशनला भाचीच्या लग्नात चार पुरणपोळ्या झाल्या, त्यावर तुपाची धार. त्या आठवड्यात हूक इंचभर मागं सरला. सोमनाथ म्हणाला, "परकर आटला वाटतं." भागूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून सकाळचा एक फेरा वाढवला.

सहाव्या महिन्यात हूक लागला. श्वास रोखून नव्हे, आरामात. त्याच परकरावर नवी साडी नेसून त्या दवाखान्यात गेल्या. बीपी एकशे अठ्ठावीस. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा बघितलं. तेवढंच.

"घ्या आत यांना," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, थेंब टाकायचे दिवस संपले, नवा चष्मा आला. भागूबाई मशीनवर बसल्या. सुई उचलली, दोरा पहिल्या खेपेला आरपार. अमृताचा पुढं आलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी खिळ्यावरचा परकर मांडीवर घेतला आणि पट्टीची शिलाई निरखली. शिलाई वाकडीतिकडी, नागमोडी, शिकाऊ पोरीनं घातल्यासारखी.

"हे मी शिवलं?"

"तुम्हीच. मी म्हटलं, कशाला बोला."

भागूबाई पोट हलेस्तोवर हसल्या, आणि हलायला आता पोटही फारसं नव्हतं. त्यांनी सगळी पट्टी उसवली. सरळ रेघ मारली, आणि या खेपेला कंबर तेहतीस धरली.