काडतुसं भरणारे गृहस्थ

कतारमधल्या अल खोरहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी एक गृहस्थ बसायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण बोलायची माझी पाळी कधी आलीच नाही. मोबाईलवर ते एकच बघायचे: कुणीतरी अमेरिकन घरच्या टेबलावर पिस्तुलाची काडतुसं हाताने भरतोय. रिकाम्या पितळी नळकांड्यात बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. गृहस्थांनी जन्मात पिस्तूल धरलं नव्हतं. आवड मात्र सगळ्यात जोरदार काडतुसांची.

"मोह आवरता आला पाहिजे," माझ्याच डब्याच्या झाकणावर बोट आपटत ते मला बजावायचे. "कणभर जास्त भरलंत की हातातच फुटलं. खलास!"

दिवाळीला आम्ही मराठी मंडळींनी एका घरी फराळ करायला घेतला. तिथे हे सपत्नीक हजर. बाह्या सरसावून करंज्या भरायला बसले. प्रत्येक पारीत सारण दाबून भरायचं आणि वर आणखी एक चिमूट.

"अहो, पुरे. फुटतील," त्यांची बायको म्हणाली.

"करंजी कशी दणदणीत हवी!"

पहिला घाणा तेलात पडला आणि एकेक करंजी फटाफट उघडली. कढईभर खोबरं झालं, तेल काळं पडलं. बायकोने गॅस बंद करून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

गृहस्थांचा चेहरा मात्र उजळला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः भरलेलं काहीतरी फुटलं होतं. माझ्याकडे वळून ते विजयाने म्हणाले, "बघितलंत? रोज बसमध्ये काय सांगतो मी?"