बर्फावरचा पेठबदल

आमच्या घरानं बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात. तरी केबल आल्यावर हिवाळी ऑलिंपिक बघायला सगळे जमायचे.

एकदा बर्फावर गिरक्या घेणारी पोरगी देश बदलून आलीय असं कळलं आणि थोरले काका भडकले. "गद्दार हाय की ही!"

ते आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर. धाकटे काका शेजारच्या पेठेकडून खेळले, तेव्हापासून थोरल्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मीठ मागायचं तरी निरोप माझ्यामार्फत! वैताग नुसता.

पोरीला सुवर्णपदक मिळालं. इतक्या वर्षांनी थोरले पहिल्यांदाच धाकट्यांकडं वळले. "बघ, तिनं पदक तरी आणलं. तू काय केलंस तिकडं जाऊन?"

"गोल केला की, दादा. तुमच्यावरच."